प्रशांतने दाखवलेली गावं

सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "भाऊजी, प्रशांत सायकलवरून पडला..." एवढंच त्यांना बोलता आलं, पुढचं एका डच नर्सने सांगितलं. न्यूनेनहून आइंडहोव्हनला येणाऱ्या ज्या रस्त्याने तो रोज कामावर यायचा, तिथेच त्याचं हृदय बंद पडलं होतं. मी इस्पितळात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो असताना नितीनचा मेसेज आला, इथल्या सगळ्या मराठी मंडळींना पाठवलेला. 'आमचा जिवलग मित्र, आमच्या स्पेनच्या सहलींचा वाटाड्या प्रशांत आज आपल्यातून गेला. ॐ शांती.' सोबत टोलेडोच्या पुलावर काढलेला आम्हा सगळ्यांचा फोटो. वहिनींनाही तो मेसेज आला असणार, कारण त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यातला 'जिवलग' हा शब्द मला गेले कित्येक आठवडे स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

प्रशांत नागपूरचा. वडील रेल्वेत होते आणि दर वर्षी पासावर घरच्यांना एकेक जुनं ठिकाण दाखवायचे, कधी सांची, कधी अजिंठा. सकाळी गाडीतून उतरायचं, दिवसभर पायी हिंडायचं, रात्रीच्या गाडीने परत. ही सवय तो इथेही घेऊन आला. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या ऑप्टिक्सवर आम्ही एकाच टीममध्ये काम करायचो. पहिल्याच हिवाळ्यात त्याने मला बोचऱ्या वाऱ्यात हार्लेम दाखवायला नेलं आणि एका जुन्या विटेच्या भिंतीपाशी उभं करून विटांचे आकार का बदलत गेले ते सांगत बसला. माझे कान गोठले होते, तोही कुडकुडत होता. "यार, आत कुठेतरी बसून सांग नं," मी त्याच्याच नागपुरी ढंगात म्हणालो, तर हसून म्हणाला, "भिंत आत येत नाही नं." त्याच्याबरोबर फिरायचं म्हणजे असं होतं. पण परत आल्यावर लक्षात राहायचं ते त्यानेच दाखवलेलं.

स्पेनची कल्पना नितीनची. नितीन म्हणजे आमच्या कंपूचा पुढारी, गणपती असो की दिवाळी, यादी त्याच्याकडे. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत चार कुटुंबांनी माद्रिदला जायचं ठरलं. बाकीच्यांना फुटबॉलचं स्टेडियम आणि खरेदी पुरेशी होती. प्रशांत म्हणाला, "माद्रिद नुसतं मुक्कामाला ठेवू. सकाळी निघून एकेका गावाला जाऊ, संध्याकाळी परत." कोणती गाडी कुठल्या स्टेशनातून सुटते, सेगोव्हियाला स्टेशन गावाबाहेर आहे म्हणून पुढे बस कुठली, मुलांना भूक लागली की कुठे बसायचं, हे सगळं त्याने बघितलं. आम्ही फक्त बॅगा भरल्या.

टोलेडोला तो वेगळाच माणूस झाला होता. तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेलं ते टेकडीवरचं गाव, चढ-उताराच्या अरुंद गल्ल्या, आणि ज्यूंच्या जुन्या वस्तीत जमिनीत बसवलेल्या लहान निळ्या फरश्या. फरशी दिसली की मुलं ओरडायची आणि तो पुढची शोधायला लावायचा. एका पांढऱ्याशुभ्र, कमानींच्या सभागृहात त्याने आम्हाला थांबवलं. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलेलं मुसलमान कारागिरांनी, पुढे त्याचं चर्च झालं. "ज्यांनी धर्म बदलला त्यांनाही सोडलं नाही," तो सांगत होता. "आजोबा कोण, पणजोबा कोण, रक्त शुद्ध आहे का, याची चौकशी व्हायची. मग कामं मिळायची, किंवा नाही मिळायची." नितीन म्हणाला, "आता कुठे राहिलंय असलं काही." प्रशांत एका खांबावर तळहात टेकवून उभा राहिला... मला त्याचा तो हात अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी सेगोव्हिया. चुना न वापरता दगडावर दगड रचून उभी केलेली ती रोमनांची पाणी वाहून नेणारी उंच कमानींची रांग पाहून आमची मुलंसुद्धा माना वर करून उभी राहिली. तिच्याच सावलीत आम्ही जेवायला बसलो. वेटर सांगत होता की इथलं भाजलेलं डुकराचं पिल्लू प्रसिद्ध आहे. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. नितीनने मेनूवर बोट ठेवलं आणि प्रशांतकडे वळून अगदी सहज म्हणाला, "तू घे ना. तुमच्यात चालतं ना?" एका वाक्यात 'तू'चं 'तुमच्यात' झालं होतं. टेबलावरच्या प्रत्येकाला ते कळलं आणि प्रत्येकजण मेनू वाचायला लागला. सुजातावहिनी सम्यकाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, जॅकेटची चेन लावत होत्या, ती आधीच लावलेली होती. प्रशांतने आवाज चढवला नाही. "मी कॉलेजपासून मांस खात नाही, नितीन. तू आमच्या घरी एकदा जरी जेवला असतास, तर तुला माहीत असतं." त्याने तोपर्यंत कितीदा तरी बोलावलं होतं. दर वेळी नितीनला काहीतरी काम असायचं.

त्यानंतर प्रशांत नाहीसा झाला. म्हणजे तो तिथेच होता, न्यूनेनमध्ये, आमच्या पलीकडच्याच गल्लीत, पण पुढच्या वर्षीच्या स्पेनच्या ग्रुपमध्ये त्याचा नंबर नव्हता. मला घेतलं होतं. मी नितीनला फोन करून विचारलं, प्रशांतचं काय? "अरे, तो फार इतिहास सांगतो. मुलं बोअर होतात," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "आणि त्याला सगळीकडे तेच दिसतं."

"तेच म्हणजे काय?"

"जाऊ दे. तुला कळतंय."

कळत होतं. मी आणि माझी बायको अश्विनी त्या सहलीला गेलो नाही. बाकीची मंडळी गेली, आणि प्रशांतने आखलेल्याच वाटेने गेली. त्याच गाड्या, त्याच बस, त्याने शोधलेली तीच खानावळ. फोटो रोज येत होते. सम्यकाला शाळेत नितीनच्या मुलाकडून आधीच कळलं होतं. तिने घरी येऊन डचमध्ये विचारलं, आपण का नाही जाणार? प्रशांतने तिला काय उत्तर दिलं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मला मात्र म्हणाला, "तू जायला पाहिजे होतंस. ऑक्टोबरात सेगोव्हिया छान दिसतं."

पुढच्या वसंतात आमची दोनच कुटुंबं आविलाला गेली. गावाभोवतीच्या तटावरून चालता येतं. थंड वारा, खाली पिवळट माळरान, आणि प्रशांत दर बुरुजापाशी थांबून सांगतोय. सम्यका कंटाळली होती खरी, पण बापाचा मफलर धरून चालत होती. खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, राग येत नाही का तुला? तो बराच वेळ बुटांची धूळ झटकत राहिला. "येतो," म्हणाला. "पण राग घेऊन फिरलं की गाव दिसत नाही रे. मला गाव बघायचं असतं." त्याचं हे वाक्य कुणीतरी मोठेपणा म्हणून वाचेल, अशी भीती मला वाटते. तो मोठेपणा नव्हता. थकवा होता. मी त्याचा चेहरा पाहिला होता.

शोकसभा इथल्या मराठी मंडळाने भाड्याच्या हॉलमध्ये घेतली. नितीन बोलला, डोळे पुसत बोलला. टोलेडोच्या निळ्या फरश्या सांगितल्या, पांढऱ्या कमानी सांगितल्या, प्रशांतचीच वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी. मुलं त्याच्या गोष्टींत कशी रंगून जायची तेही सांगितलं. ते अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही. खरे असतील तर ते जास्त वाईट आहे. शेवटी त्याने जाहीर केलं की मे महिन्याच्या सुट्टीत प्रशांतच्या आठवणीसाठी सगळ्यांनी टोलेडोला जायचं, आणि सुजाता व सम्यकाने यायलाच हवं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. वहिनी खाली बघत होत्या.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. नितीनचा पुन्हा मेसेज आला होता, तिकिटं काढायची आहेत, नावं कळवा. मी विचारलं, काय सांगू त्याला? वहिनी चहा गाळत होत्या. गाळून झाल्यावर, माझ्यापुढे कप ठेवून म्हणाल्या, "त्यांना सांगा, यंदाही आम्हाला कळवलं नसतं तरी चाललं असतं."

मग त्यांनी मला माळ्यावरच्या खोलीतून कागदपत्रांचं एक खोकं खाली आणायला सांगितलं. उतरत्या छपराखालची ती खोली प्रशांतची, पहाटे उठून तो तिथे वाचत बसायचा. या देशात वापरात नसलेल्या खोलीचं हीटिंग कुणी चालू ठेवत नाही. मी दार उघडलं तर आत ऊब होती. खिडकीखालचा रेडिएटर गरम होता आणि खुर्ची त्याला लागून ओढलेली होती. खोकं घेऊन खाली आलो आणि म्हणालो, "वहिनी, वर हीटिंग चालू राहिलंय." त्या म्हणाल्या, "राहिलेलं नाही, भाऊजी. मीच रोज सकाळी लावते. त्याला थंडी सोसायची नाही."