वाघळांचा वर्ज्यकाळ

ऐंशीच्या दशकात मी सौसरला संस्कृत शिकवीत असे आणि पंचांग पाहून लोकांना मुहूर्तही सांगत असे. गावाबाहेर ओढ्याकाठी अर्जुनवृक्षांची जुनी रांग होती. तिच्यावर दिवसभर वाघळे उलटी लोंबत. संत्र्यांच्या बागाइतदारांनी ती झाडे तोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा उपविभागीय अधिकाऱ्यांनी नागपूरहून प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना बोलावून घेतले. चैत्रातल्या एका सकाळी आमच्या देवळाच्या सभामंडपात बैठक भरली.

“रातभर संत्रं फोडून राहिले हे, साहेब!” एक बागाइतदार म्हणाला. “आमी का या वाघळायसाठी बगीचा लावला?”

“संत्र्याला छिद्र पाडतात ते बहुधा रात्रीचे पतंग,” प्राध्यापक म्हणाले. “वाघळांचा वाटा थोडा असावा. सध्या माद्यांच्या पोटाशी पिल्ले आहेत. झाडे पडली तर ती जगण्याची शक्यता कमी.”

“बहुधा, असावा, शक्यता!” अधिकारी हसले. “प्रोफेसरसाहेब, हे आदेशात लिहू का? तोडायची की नाही, तेवढं सांगा.”

“इतके निश्चित मला सांगता येणार नाही.”

“मंग तोडतो ना आमी,” मागून आवाज आला.

प्राध्यापक आणि अधिकारी, दोघेही सज्जन होते. एकाला ज्ञात असल्याहून अधिक बोलवत नव्हते. दुसऱ्याला दुपारपूर्वी सही करणे भाग होते. विवाहाचा दिवस विचारणाऱ्या यजमानाला आम्ही ग्रहगणित ऐकवीत नाही. कोणता काळ वर्ज्य, ते सांगतो. मी प्राध्यापकांना त्याच रीतीने विचारले, “या झाडांना कुऱ्हाड लावण्यास वर्ज्य काळ कोणता?”

ते म्हणाले, “ज्येष्ठ सरेपर्यंत. तोवर पिल्ले उडू लागतील. याविषयी मला शंका नाही.”

अधिकाऱ्यांनी तत्काळ तसा आदेश लिहिला. बागाइतदार कुरकुरत उठले. पायऱ्या उतरताना प्राध्यापकांनी मला हळूच विचारले, “गुरुजी, आणि आषाढात?”



आषाढ लागताच करवती आल्या. पहिले झाड कलले आणि सगळी वाघळे भर उन्हात उठली. पिल्ले आपापल्या पंखांवर होती. बराच वेळ घिरट्या घालून सगळी शेजारच्या बोरगावच्या दिशेने गेली. वाघळे कुठे गेली ते कळवणारी माझी तार मिळताच प्राध्यापक दुसऱ्या दिवशी येऊन पोहोचले. त्यांनी मला प्रथम विचारले ते एवढेच, की बोरगावकडील मोठी झाडे कोणाच्या मालकीची आहेत.