कुलपातली पानं

कुलपात तेल सोडलं की त्या वासानं गावातलं आमचं बंद घर आठवतं. दुष्काळात माय-बाप ऊस तोडायला कारखान्यावर गेलेले, आणि मी शाळेसाठी चुलतीकडे. संध्याकाळी मी आमच्याच उंबऱ्यावर जाऊन बसायची. तिथं मोहोळ नसलेली एक एकटी मधमाशी दूध सोसायटीच्या बोगनवेलीचं गोल कातरलेलं पान घेऊन यायची आणि कुलपाच्या भोकात शिरायची. आत अंडं घालून, पानानं झाकून ती पिल्लांना तसंच सोडून जाते, हे फार नंतर कळलं. बाप परत आला तेव्हा किल्ली आत जाईना. "कुलपात पाला कावून कोंबला गं?" म्हणत त्यानं तारेनं सगळं उकरून काढलं. "म्या न्हाई," एवढंच मी म्हणाले. तेवढ्या महिन्यांत आमच्या घरी येणारी तीच एक होती. आता फ्लॅटला कुलूप लावताना मी आधी भोकात बघते. ते रिकामंच असतं.