आयर्लंडची रंगीत तालीम

आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने मला नर्स म्हणून बोलावलं, तेव्हा पगाराचा आकडा रुपयांत करून बघायची चूक मीही केली. दोन दिवस हवेत होते. मग तिथल्या घरभाड्याची आणि पाळणाघराची चौकशी केली आणि जमिनीवर आले. मुलगी चार वर्षांची. इथे बिबवेवाडीत आमचं पाळणाघर म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारी माझी आई. तिचे पैसे आम्ही कधी मोजलेच नव्हते.

नवरा हिशेबी माणूस. म्हणाला, "एक महिना इथेच तिथल्यासारखं राहून बघू. कामाला बाई नाही, स्कूटर नाही, हॉटेल नाही आणि आई नाहीत. जमलं तर जाऊ."

मला पटलं. परदेशी जायचीसुद्धा आधी तालीम करायची, हे अगदी पुणेरी शहाणपण आहे असं वाटून मी खूश झाले. आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे मी मेले असं समजायचं का?"

"अगं, काहीतरीच काय! तू आहेसच. फक्त फोनवर."

"बरं," म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

पहिल्याच आठवड्यात फरशी पुसून माझी कंबर धरली. मुलीला शाळेत चालत नेताना कोपऱ्यावरच्या वाण्याने विचारलंच, "काय ताई, पेट्रोल परवडेना का?" मी घरी आले की नवरा निघायचा. दारातच मुलगी एकमेकांच्या हातात द्यायची आणि एकमेकांवर खेकसायचं, एवढाच काय तो आमचा संसार उरला.

मुलगी रोज संध्याकाळी आजीबरोबर बुद्धवंदना म्हणायची, ती आता व्हिडिओ कॉलवर सुरू झाली. पण घरं एकावर एक. आईचा आवाज आधी खिडकीतून वर यायचा आणि मग फोनमधून. मुलगी फोन टाकून खिडकीकडे धावायची, "आजी, वर ये ना!" आजी यायची नाही. चार-पाच दिवसांनी खिडकीतला आवाज बंद झाला. आई हळू म्हणत असेल, असं मी धरून चालले.

पुढे मुलीला ताप आला. मी रजा घेतली. तापाचं मला काय कौतुक, वॉर्डात रोज बघते. पण ती दुपारभर आजी आजी करत रडली आणि माझा धीर सुटत गेला. मला आईचा भयंकर राग आला. एवढं पोर रडतंय, खाली ऐकू येत नाही? नियम मीच केलेला, आणि तो पाळते म्हणून मीच चिडलेली. तरी फोन केला नाही. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे.

महिना संपला. नवरा म्हणाला, "ओढाताण होईल, पण जमतंय." मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मी आईला जेवायला बोलवायला खाली गेले. मार्चचा उकाडा, आणि तिने खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या. वंदना नुकतीच संपली होती. समोर डब्याला टेकवून फोन ठेवलेला, आणि ती घामाने निथळत होती.

"अगं, हे काय? खिडक्या का लावल्यास?"

"आवाज वर जातो. पोरीला वाटतं, मी जवळच आहे."

मी आधी एक खिडकी उघडली. म्हणाले, "झालं आता, आई. संपली तालीम. चल वर."

ती उठली नाही. पदराने मान पुसत म्हणाली, "अजून आठ दिवस राहू दे गं. तुमचं जमलं, माझं अजून जमत नाही. तिला ताप होता ना, त्या दिवशी अर्धा जिना चढून गेले होते मी."