त्याचा हँडब्रेक

फेब्रुवारी, मोलगीच्या बाजाराचा दिवस. हजर: मी, हे, सासूबाई आणि घाटात थांबलेला एक जीपवाला.

लोणखेड्याला परतताना पेट्रोल वाचवायला यांनी गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि ब्रेक पार खाली जाऊ लागला. वळणावरच्या मोकळ्या जागेत गाडी कशीबशी थांबली.

जीपवाला बिडी विझवून आला. चाकाला हात न लावता त्याने जवळ तळवा धरून पाहिला. मग जीपमधून लाकडी ठोकळा आणून आमच्या चाकाखाली सारला. टायरला घासून ठोकळ्याला खोलगट आकार आला होता.

"मन्हा हँडब्रेक हाऊच शे," तो हसून म्हणाला.

सासूबाई चाकावर ओतायला पाण्याची बाटली घेऊन उतरल्या.

"तापेल खापरवर पानी टाकशी का, माय? तडकी जाई. जरा दम धर."

आम्ही दम धरला. त्याच्या जीपमधली माणसंही कुरकुर न करता थांबली. चाकं निवल्यावर त्याने यांना दुसऱ्या गियरमध्ये उतरायला सांगितलं आणि घाट संपेपर्यंत आमच्यापुढे सावकाश जीप चालवली. पायथ्याशी हात हलवून तो दुसऱ्या रस्त्याला लागला. नाव विचारायचं राहिलं.

ब्रेक ऑइल बदललं, लायनर बदलले, न्यूट्रलवर यांना बंदी घातली. पण घाटातून निघताना सासूबाईंनी आपलाच समजून ठोकळा डिकीत ठेवला होता. तो रोज उतारावर जीप उभी करतो आणि त्याचा हँडब्रेक अजून आमच्याकडे आहे. पुढच्या बाजाराला नेऊन द्यायचा आहे.