धनेशाची ढोली

पिकलेल्या उंबरांचा आंबूस वास आला की मला पोलादपूरच्या वरचं सरकारी जंगल आठवतं.

धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरून दार लिंपून घेई. मग पिल्लं उडेपर्यंत आम्ही बायका लाकडांसाठी त्या बाजूला जात नसू. माझे दीर त्या जंगलाचे राखणदार.

"वयनी, ढोली दाखवा. मी पहारा देतो."

"आधी घरच्या कोंबड्या राखा, भावजी!" असं म्हणत मी दाखवली.

काही दिवसांनी मी बघायला गेले, तर ढोली कुऱ्हाडीने फोडलेली दिसली. नर चोचीत उंबर धरून समोरच्या फांदीवर बसला होता.

"गुडघ्याच्या तेलाला मादीची चरबी लागत होती," भावजी म्हणाले. "पाखरूच हाय, वयनी."

तेव्हा मी पाखरासाठी भांडले. आता कळतं, गावच्या बायका भावजींना ओळखून होत्या, त्यांनी ढोली दाखवली नसती; म्हणून भावजींनी मला, नव्या सुनेला, विचारलं.