तिकडचं ऊन

आमच्या सासूबाईंना दोन लेकरं. मुलगी लांब परदेशात, बारा महिने ऊन असलेल्या गावात. मुलगा इथे, या ओलसर गल्लीत, आणि त्याच्या पदरी पडलेली मी. सासूबाईंनी जन्मभर लॉन्ड्री चालवली. जिथे ऊन दुपारी नुसतं डोकावून जातं, तिथे लोकांचे कपडे वाळवून वेळेवर देणं म्हणजे काही खायचं काम नाही, हे मी आधीच मान्य करून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, सून आहे, बोलणारच.

गेल्या वर्षी त्या लेकीकडे महिनाभर राहून आल्या. शेजारीण कौतुकाने ऐकायला बसली.

"समुद्र कसा आहे हो तिथला?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण ऊन! अगं, चादर वाळत टाकून जरा डुलकी काढावी, तर उठेपर्यंत कडकडीत कोरडी!"

त्या दिवसापासून इथल्या उन्हाची अब्रू गेली. मी कपडे वाळत घातले की त्या टोक चाचपणार, हुंगणार आणि म्हणणार, "तिकडे असते तर एव्हाना वाळले असते." जसा काही इथला सूर्य मी माहेरून आणला होता. फोनवरही लेकीला पहिला प्रश्न, "ऊन बरं आहे ना?" नातवाची तब्येत त्यानंतर. पुन्हा बोलावणं येणार म्हणून पलंगाखाली बॅग तयार. त्यात अंगावरचे कपडे थोडे, लॉन्ड्रीतले लाकडी चिमटे आणि दोरीच जास्त. बोलावणं काही येईना. खरं सांगते, त्यांच्याइतकीच मीही डोळे लावून बसले होते.

शेवटी नणंदेचा फोन आला, पण मला एकटीला.

"वहिनी, आईला बोलवायचंय गं. पण आमच्या इमारतीत गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. मागच्या खेपेला तिच्या चादरी झेंड्यासारख्या फडकत होत्या. यांना लोकांची बोलणी खावी लागली. मग ती दुपारी झोपली की दोरीवरचं सगळं हे काढायचे, ड्रायरमधून फिरवायचे आणि पुन्हा जागच्या जागी घालायचे. आता ते जमणार नाही. तूच सांग तिला."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. ज्या उन्हापायी मी वर्षभर टोमणे ऐकले, ते एका डब्यात राहत होतं! मी पदर खोचून सांगायला गेले. तिखटमीठ लावून सांगितलं, तेही शेजारणीसमोर.

 सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे जावई माझ्या नकळत कपडे काढत होते?"

"हो ना."

"पोराच्या शाळेचे शर्ट मी झटकून झटकून वाळत घालायचे, तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"मग मी तिथे जाऊन करू काय?"

 त्यांनी बॅग ओढली, चिमटे काढून बाथरूमच्या खिडकीत ठेवले आणि लेकीला कळवून टाकलं की गुडघे दुखतात, आता प्रवास नको.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घातले. त्या आल्या, चादरीचं टोक चाचपलं आणि काही न बोलता आत निघून गेल्या. पुढेही तेच. मला हवं होतं ते हेच, पण घर खायला उठलं. फोनवर त्या आता उन्हाचं नावही काढत नव्हत्या. मला त्यांची फार दया आली आणि माझ्या जिभेचा राग आला.

एका सकाळी ओली चादर घेऊन मीच त्यांच्यासमोर उभी राहिले. "आई, तिकडे असती तर एव्हाना वाळली असती, नाही?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग चादर हातातून ओढून घेतली.

"उन्हाला कशाला नावं ठेवतेस? तुला धड पिळता कुठे येतं! धर ते टोक."