खिडकीपाशी ऐकणारी मुलगी

घरात सगळे तिला 'चौकशीबाई' म्हणत. लहानपणी पाहुणे आले की ही पुढ्यात बसून विचारायची, "काका, तुम्ही घोरता का?" आई डोळे वटारायची. पुढे त्याच नसत्या चौकश्यांवर तिचं पोट भरू लागलं. ती संशोधक झाली आणि सार्वजनिक वाचनालयाने तिला काम दिलं: तरुण मुलांना इथे येऊन काय वाटतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं.

सुरुवातीचे दिवस पाण्यात गेले. बंद खोलीत रेकॉर्डर समोर ठेवला की मुलांची दातखीळ बसायची. "छान आहे, शांत आहे," एवढं झालं की अळीमिळी गुपचिळी.

"खुर्चीत बसवून उलटतपासणी घेतेस, मग काय होणार?" नवरा म्हणाला.

बोलणं तिला झोंबलं, पण पटलंही. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातल्या एका मुलीला सरळ विचारलं, "तुझी इथली आवडती जागा दाखवतेस?"

मुलगी तिला वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या रॅकमागे खिडकीपाशी घेऊन गेली.

"इथे काय वाचतेस?"

"कधीकधी काहीच नाही. नुसती ऐकते."

"इथे तर सगळं शांत आहे!"

"कुठलं शांत, ताई? ते आजोबा प्रत्येक पानाला 'हं' म्हणतात. पंखा कुरकुरतोय." मग ती म्हणाली, "माझ्या आईबाबांना ऐकू येत नाही. घरी आम्ही हातांनी बोलतो. भांडतोसुद्धा कडाकडा! पण फोन आला, डॉक्टरांकडे गेलो, की मीच कान आणि मीच तोंड. ऐकलेलं सगळं पोहोचवायचं. इथलं ऐकलेलं कुणाला सांगावं लागत नाही."

"आणि सांगावंसं वाटलं तर? पंख्याची कुरकुर हातांनी कशी सांगशील?"

मुलगी हसली. बोटं एकमेकांवर घासत तिने करून पाहिलं, मान हलवली, पुन्हा वेगळं करून पाहिलं. चौकशीबाईही तिच्याबरोबर बोटं वळवत बसली.

त्यानंतर ती प्रत्येक मुलाबरोबर वाचनालयभर हिंडली. कुणी जिना दाखवला, कुणी नुसता आरसा.

अहवाल पाहून मुख्य ग्रंथपाल म्हणाले, "अहो, मुलांना शांतता हवी की नको, एका वाक्यात सांगा. वरच्या त्या खिडकीपाशी टीव्ही बसवायचाय."

"एका वाक्यात नाही मावत, साहेब. तुम्हीच वर जाऊन थोडा वेळ बसा."

साहेब कुरकुरत गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. टीव्ही तळमजल्यावर लागला.